एचआयव्हीबाधितांमधील स्वकलंक आणि समदुःखींचा आधार

भारतात एचआयव्हीची लागण १९८६ साली तत्कालीन मद्रास शहरात प्रथम आढळून आली. तेव्हापासून बाधितांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नोकरीवरून काढणे, घराबाहेर घालविणे, रुग्णालयात उपचार नाकारणे हे प्रकार उघड दिसतात आणि त्यांविरुद्ध दाद मागता येते. परंतु बाधित व्यक्ती स्वतःच स्वतःला दोषी ठरविते, तेव्हा दाद कोणाकडे मागावी? या अवस्थेला स्वकलंक असे म्हटले जाते.

घरात कोणी सांगितलेले नसताना आपले ताट व पेला वेगळा ठेवणे, लग्नकार्याला जाण्याचे टाळणे, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी खरवडून काढणे, जवळचे एआरटी केंद्र सोडून दूरच्या जिल्ह्यात नाव नोंदविणे ही त्याची लक्षणे होत. यांतील शेवटची सवय थेट जिवावर बेतू शकते. प्रवासखर्च परवडेनासा झाला की औषधात खंड पडतो आणि कालांतराने विषाणू त्या औषधाला जुमानेनासा होतो.

स्वकलंक निर्माण होण्यासाठी प्रत्यक्ष अपमान झालाच पाहिजे असे नाही. बंगळूर येथील २२९ बाधितांची पाहणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भेदभावाच्या प्रत्यक्ष अनुभवाबरोबरच ऐकीव हकिकतींचाही स्वतंत्र विचार करण्यात आला. दुसऱ्याचे काय झाले हे ऐकूनच माणूस आजार लपवितो आणि लपविता लपविता खचत जातो.

अशी एक हकिकत गोव्यातील आहे. डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला १९८९ साली म्हापसा येथे ६४ दिवस पोलीस पहाऱ्यात एकांतवासात ठेवण्यात आले. राज्याच्या आरोग्य कायद्यात त्या वेळी तशी तरतूद होती आणि मुंबई उच्च न्यायालयानेही ती वैध ठरविली. ज्यांनी हे ऐकले असेल, त्यांपैकी किती जणांनी नंतर चाचणीच करून घेतली नसेल, याची गणती अर्थातच कोठेही नाही. डिसोझा मात्र लपून राहिले नाहीत. १९९२ साली त्यांच्या पुढाकाराने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे १९९७ मध्ये चेन्नई येथे बाधितांचे देशव्यापी संघटन स्थापन झाले. १९९८ मध्ये पी. कौसल्या यांनी बाधित स्त्रियांसाठी ‘पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क’ सुरू केले.

अशा गटांना ‘समदुःखींचा आधार’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो शब्द अपुरा वाटतो, कारण तेथे दुःखापेक्षा व्यवहाराच्याच गोष्टी अधिक होतात. गोळी कोणत्या वेळी घेतली म्हणजे चक्कर त्रास देत नाही, सासरी काय सांगावे, पतीच्या निधनानंतर मालमत्तेतील हिस्सा कसा मागावा, याची उत्तरे ज्याने हे सारे निभावले आहे त्याच्याकडेच असतात. डॉक्टर ‘तुम्ही पुष्कळ वर्षे जगाल’ असे सांगतात, तेव्हा तो धीर वाटतो. पंधरा वर्षे औषधे घेणारी व्यक्ती समोर बसून चहा पिते, तेव्हा तो पुरावा ठरतो.

मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, तर २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली आले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. न्यायालयीन कामकाजात तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची सोयही त्यात आहे. तथापि, आपल्यावर अन्याय झाला असे ज्याला वाटतच नाही, तो तक्रार कशी करणार?

आधारगटांनाही मर्यादा आहेत. लहान गावात गटाच्या दारात दिसणे हेच रोग जाहीर करण्यासारखे असते. तृतीयपंथी व्यक्ती किंवा देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यावर आधीच एक कलंक लादलेला असल्याने सर्वसाधारण गटात त्यांना मोकळे वाटेलच असे नाही. जन्मतःच लागण झालेल्या तरुणांचे प्रश्न आणखी वेगळे; अनेकांना आपला आजार किशोरवयातच कळतो, आणि ज्यांना जाब विचारावा ते आईवडील कित्येकदा हयात नसतात.

२०१३ साली सुरू झालेल्या ‘विहान’ कार्यक्रमाच्या काळजी व आधार केंद्रांत बाधित व्यक्तींनाच कार्यकर्ते म्हणून नेमण्यात आले. औषधे सोडून दिलेल्यांना घरोघरी शोधून पुन्हा उपचारांकडे आणणे हे त्यांचे एक मुख्य काम होते. अशा कार्यकर्त्यांचे मानधन बहुधा प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असते आणि निधी आटला की केंद्रातील ओळखीचा चेहराही नाहीसा होतो.