कायद्यातला ‘साहाय्य’ हा शब्द

१८२८ साली शनिवारवाडा जळाला आणि ती आग इतिहासात नोंदली गेली. खेड्यातल्या घराची आग सहसा तलाठ्याच्या पंचनाम्यापुढे जात नाही. ती विझवायची कोणी, या प्रश्नालाही मात्र इतिहास आहे.

इंदापूर तालुक्यातले पळसदेव पाहा. भीमाकाठचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. धरण १९८० साली पूर्ण झाले. पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. नवे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. याच काळात या भागातल्या घरांची जातही पालटत गेली. माळवदाच्या घराला जाड भिंती, वर मातीचा थर आणि धूर जायला सवणे असे. तुळया पेट घेत. पण शेजारून उडालेली ठिणगी माळवदाच्या मातीवर विझून जाई. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोपीला हे कवच आजही नाही. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांत वीज व गॅस आले, तशी आगीची कारणेही बदलली.

कायदा काय सांगतो? १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाने आग विझवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात मात्र आग विझवण्यास ‘साहाय्य’ करणे एवढेच काम आहे. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी हा भेद पक्का केला. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही. म्हणजे मुख्य काम कोणाचे हे न ठरवताच गावाला साहाय्यक नेमले गेले.

व्यवहारात ते काम शेजाऱ्यांवर येते. बंब शहरातून निघतो. तोवर घागरी, बादल्या आणि शेतातला पंप. जलाशय शेजारी असला तरी पाणी प्रत्येक आगीचा उतारा नव्हे. कढईतल्या पेटत्या तेलावर पाणी ओतले तर भडका उडतो. तिथे शेगडी बंद करून झाकण ठेवावे लागते. विजेच्या आगीत आधी मेन स्विच बंद करायचा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे बटण न दाबता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

गावात टँकर कोणाकडे, पंप कोणाचा, वीज तोडायला कोणाला बोलवायचे, ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिता येते. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ती तपासता येते. कायद्यातल्या ‘साहाय्य’ या शब्दाला निदान तेवढा अर्थ गावाला आजच देता येईल.