डायोडची घरवापसी

रुळाच्या टोकापर्यंत जाऊन आपोआप परतणारी मॉडेल रेल्वे बनवायला कॉम्प्युटर लागतोच असं नाही. जुन्या डीसी पद्धतीत रुळांमधूनच मोटरला १२ व्होल्टपर्यंत वीज मिळते; प्लस-मायनस उलटवले की गाडी उलटी धावते. दोन्ही टोकांना रुळाचा एक तुकडा वेगळा काढून तो डायोडमार्फत जोडायचा. डायोड करंट एकाच दिशेने सोडतो, त्यामुळे गाडी तिथे पोचली की आपोआप उभी! थोड्या वेळाने टायमर पोलॅरिटी उलटवतो, तोच डायोड आता वाट देतो आणि गाडी परत निघते. गंमत म्हणजे गाडी कुठे आहे, हे टायमरला ठाऊकच नसतं.

१९९०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने लेन्झ या जर्मन कंपनीच्या तंत्रावरून डीसीसी हे मानक ठरवलं. आता दिशेचा हुकूम थेट इंजिनातल्या चिपला जातो. रुळाच्या पोलॅरिटीला अर्थ उरला नाही. म्हणजे डायोड रिटायर?

छे! लेन्झनेच पुढे 'एबीसी' आणलं. टोकाच्या तुकड्याला जोडलेले काही डायोड सिग्नलची एक बाजू किंचित कमी करतात. चिप ते ओळखून थांबते आणि शटलचं सेटिंग असेल तर स्वतःच मागे फिरते.

डोकं रुळाबाहेरून इंजिनात गेलं, पण 'टोक आलं' हे अजून रूळच सांगतो. सगळंच सॉफ्टवेअरमध्ये कोंबायची घाई झाली की हा डायोड आठवावा... असो!