कतारला येताना : आधी नोकरी की आधी मुक्काम?



कतारला यायचं मनात असलेल्यांकडून आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आधी नोकरी शोधू, की आधी तिथे येऊन बघू?" पुण्याहून बंगलोरला जायचं असेल तर हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. मित्राच्या फ्लॅटवर महिनाभर गादी टाकायची, मुलाखती द्यायच्या, जमलं तर राहायचं, नाही तर रात्रीच्या बसने परत. कतारमध्ये तसं चालत नाही. इथे नोकरी असेल तरच राहण्याचा परवाना (सगळे त्याला आरपी म्हणतात), आरपी असेल तरच कतार आयडी, आणि आयडी असेल तरच बँक खातं, भाडेकरार, मुलांची शाळा.

म्हणून आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. घरातल्या मुख्य कमावत्याने नोकरी हातात घेऊनच यावं. जोडीदाराने मात्र आधी यावं आणि मग इथे राहून नोकरी शोधावी. आणि दोघांचेही कागद भारतातूनच पूर्ण करून आणावेत. बाकीचा लेख म्हणजे याचं कारण आणि तपशील.

पूर्वी उलटं होतं

"अरे, आधी ये तर खरं, मग बघू" हा सल्ला जुन्या मंडळींकडून अजूनही मिळतो आणि त्यांच्या काळात तो खराही असेल. दोह्याच्या सूक वाकिफमध्ये एक चक्कर मारली की त्या काळाचा अंदाज येतो. सूक म्हणजे बाजार आणि वाकिफ म्हणजे उभा असलेला. जवळच्या ओढ्याचं पाणी चढलं की विक्रेते उभ्यानेच माल विकत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. (आपला 'वाकबगार' शब्द याच 'वाकिफ'मधून आलाय. जाणकार असणं आणि उभं असणं अरबीत एकाच शब्दात!) २००३ च्या आगीनंतर हा बाजार जुन्या पद्धतीने पुन्हा उभा केला गेला. पण हातगाडीवरून सामान नेणारे आजही 'हमाली'च आहेत, आपल्या मार्केट यार्डातल्या हमालांचे नामबंधू.

या बाजाराचा मुंबईशी जुना संबंध. आखातातले मोती मुंबईला जात, तिकडून तांदूळ, कापड, लाकूड येई. १९६६ पर्यंत कतारमध्ये रुपया चालत होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटाच काढत होती. अशा जगात माणूस आधी गलबतातून उतरत असे आणि काम मागून मिळे. पुढे तेल आलं, कफील म्हणजे पुरस्कर्ता मालक ही पद्धत आली, आणि क्रम बदलला. आता काम आधी आणि उतरणं नंतर.

व्हिजिटवर येऊन नोकरी शोधावी का?

ऑगस्ट २०१७ पासून भारतीय पासपोर्टवर कतारमध्ये ३० दिवसांचा मोफत प्रवेश मिळू लागला, आणि तेव्हापासून हा मोह वाढला. पुढे भारतीयांसाठी 'डिस्कव्हर कतार'मार्फत हॉटेल बुकिंगची अट आली, आणि फेब्रुवारी २०२३ पासून पाहुण्यांना आरोग्य विमाही सक्तीचा झाला. अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघाच.

खरी अडचण हिशोबाची आहे. ३० दिवसांतले शुक्रवार-शनिवार सुट्टीचे. रमजानात कामाचे तास कमी. जुलै-ऑगस्टमध्ये निर्णय घेणारे साहेब रजेवर. मुलाखतीच्या दोन फेऱ्या आणि मग 'एचआर कळवेल' यातच महिना संपतो. ओळखी काढायला, शहर बघायला, ठरलेल्या मुलाखतीला समोर हजर राहायला ही भेट चांगली आहे. पण व्हिजिटवर एक दिवसही काम करू नका, 'ट्रायल' म्हणूनसुद्धा नाही. ते बेकायदा आहे, आणि पगार बुडाला तर दाद मागायची तरी कशाच्या जोरावर? आणि भारतातली नोकरी सोडून तर या भेटीला मुळीच येऊ नका.

ऑफर हातात आल्यावर

कामाच्या व्हिसाची बरीचशी प्रक्रिया आता भारतातच होते. कतार व्हिसा सेंटर २०१९ पासून भारतात आहेत आणि त्यातलं एक मुंबईत आहे. बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी आणि करारावर सही, सगळं तिथेच. सही करताना पडद्यावरचा करार आणि हातातलं ऑफर लेटर शेजारी ठेवून वाचा. आकडे जुळत नसतील तर सही करू नका. "तिथे गेल्यावर ऍडजस्ट करू" हे वाक्य ज्या करारात लिहिलेलं नाही, ते बोललं गेलंच नाही असं समजा.

तीन गोष्टी आम्ही प्रत्येकाला मुद्दाम बघायला सांगतो. पहिली, मूळ पगार. एकूण आकडा मोठा आणि त्यात बेसिक अगदी लहान अशी रचना बऱ्याचदा असते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात (२००४ च्या कामगार कायद्याप्रमाणे किमान एक वर्ष सेवा झाल्यावर, वर्षाला कमीत कमी तीन आठवड्यांचा मूळ पगार). म्हणजे बेसिक लहान तर ग्रॅच्युइटीही लहान.

दुसरी गोष्ट, व्हिसावर लिहिलेलं पद. कंपनीकडे 'प्रोग्रॅमर'चा व्हिसा शिल्लक नसला तर भलत्याच पदावर माणूस आणला जातो. कामाला लागताना काही फरक जाणवत नाही. जाणवतो तो कुटुंबाचा अर्ज करताना, कारण तिथे पगाराइतकंच पद बघतात. कामगार वर्गातल्या पदावर कुटुंब आणता येत नाही, पगार कितीही असो. पदात 'इंजिनीअर' शब्द असेल तर आणखी एक बाब. कतारमध्ये २००५ च्या कायद्यानुसार अभियांत्रिकी व्यवसायाला नोंदणी लागते. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना हे माहीत असतं, आयटीवाल्यांनी आपलं नेमकं पद काय हे कंपनीला आधीच विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट खास आम्हा आयटीवाल्यांची. तुम्हाला घेणारी कंपनी कोण आणि तुम्ही बसणार कुठे? बँकेत किंवा सरकारी खात्यात बसायचं असतं, पण आरपी एखाद्या मॅनपॉवर कंपनीचा असतो. प्रकल्प संपला की क्लायंट हात मिळवून मोकळा होतो. पुढचं काम मिळेपर्यंत पगार मिळणार का, हे करारात शोधा. सापडलं नाही तर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक संपला तेव्हा किती करार एका तारखेला बांधलेले होते ते सगळ्यांना दिसलं.

एजंटाबद्दल थोडंसं. नोकरभरतीचा खर्च कामगाराकडून घेणं कतारच्या कायद्यात बसत नाही. भारताच्या नियमांत नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, तेही पावती देऊन. नोंदणी आहे की नाही ते 'ई-मायग्रेट'वर तपासता येतं. गावाकडून कोणी दहावी न झालेला भाऊबंद ड्रायव्हर म्हणून येत असेल तर त्याचा पासपोर्ट ईसीआर असणार. त्याला ई-मायग्रेटची मंजुरी आणि विमा लागतोच, व्हिजिटवर पाठवणाऱ्याच्या नादी त्याला लागू देऊ नका.

कागद, कागद आणि कागद

कतारला अपोस्टिल चालत नाही. अमेरिका-युरोपला गेलेल्या मित्राचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. पदवीचं प्रमाणपत्र आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग कतारच्या वकिलातीकडे, आणि इथे आल्यावर कतारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे, अशा पायऱ्या चढतं. विद्यापीठाकडून पदवी खरी असल्याचं आणि नियमित शिक्षणाने मिळवल्याचं पत्रही मागतात. यात आठवडे जातात, विद्यापीठात परीक्षांचा हंगाम असेल तर महिनेसुद्धा. मूळ प्रमाणपत्र या फेऱ्यात अडकतं, म्हणून ऑफर येण्याची वाट न बघता, विचार पक्का झाला की हे काम सुरू करा.

आता खास मराठी घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि कधी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. विवाहित बायकांचं तर विचारूच नका! पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर कागदोपत्री तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र यांना जोडणारा दुवा आहे. लग्नपत्रिका आणि हॉलची पावती चालत नाही. नोंदणी राहिली असेल तर आधी ती करा, दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र किंवा गॅझेट करून घ्या, आणि मगच साक्षांकनाला पाठवा. मुलांच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव चढलंय ना, इंग्रजीतही आहे ना, तेही बघा. नगरपालिकेचे जुने दाखले बऱ्याचदा नावाविना असतात.

जोडीदाराची नोकरी

इथे उत्तर उलटं होतं. जोडीदार कुटुंबाच्या आरपीवर आला की त्याला नोकरीसाठी पुरस्कर्ता बदलावा लागत नाही. नोकरी देणाऱ्याने कामगार मंत्रालयाकडून कामाचा परवाना काढायचा असतो. कंपन्यांनाही हे सोयीचं पडतं, व्हिसाचा खर्च नाही, घर द्यायचं नाही. म्हणजे शोधायला ३० दिवसांचं घड्याळ नाही आणि नाही मिळाली तर परत जायची टांगती तलवारही नाही.

पण पेशाप्रमाणे पूर्वतयारी वेगळी. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट यांना आरोग्य खात्याचा परवाना लागतो. त्यासाठी पदवी आणि अनुभवाची पडताळणी भारतातल्या जुन्या हॉस्पिटलांकडून होते, आणि परीक्षाही असते. जुन्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र दोह्यात बसून मागवणं फार जड जातं, निघण्याआधी स्वतः जाऊन आणा. शिक्षकांचंही तसंच, बी.एड. आणि अनुभवाचे दाखले साक्षांकित हवेत. डबे, क्लास, शिवणकाम घरून सुरू करायचं मनात असेल तर परवान्याची चौकशी आधी करा.

कुटुंब आणण्याच्या अटी २०२४ मध्ये सांगितल्या गेल्या त्याप्रमाणे अशा : खाजगी क्षेत्रात तांत्रिक किंवा विशेष पद आणि पगार किमान १०,००० रियाल, किंवा कंपनीने कुटुंबासाठी घर दिलं असेल तर ६,०००. सोबत नोंदवलेला भाडेकरार आणि साक्षांकित विवाह प्रमाणपत्र. म्हणून ऑफरचा आकडा ठरवतानाच हे डोक्यात असू द्या. ९,५०० ला 'हो' म्हणून नंतर पाचशेसाठी वर्षभर एकटं राहिलेली माणसं आम्ही बघितली आहेत.

घर आणि चेक

कमावत्याने पुढे यावं, तीन-चार महिन्यांनी कुटुंब. हा क्रम बहुतेकांना मानवतो कारण प्रोबेशन (जास्तीत जास्त सहा महिने) निदान अर्धं पार पडलेलं असतं. तोवर शेअरिंगमध्ये राहा. घर घेताना मालक वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक मागतो. इथे चेक न वटणं हा गुन्हा आहे, आणि नोकरी गेली म्हणून मालकाकडचे चेक थांबत नाहीत. नोकरी सुटल्यास करार किती नोटिशीत मोडता येईल हे कलम घालून घ्या. मालक तयार होतात, विचारावं मात्र लागतं. कर्ज थकलं तर देश सोडायलाही बंदी येऊ शकते, तेव्हा पहिल्या वर्षी मोठी गाडी नको.

एकदा इथे आल्यावर नोकरी बदलणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परमिट २०१८ मध्ये गेलं आणि २०२० मध्ये एनओसीची अट गेली. पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची आणि नंतर दोन महिन्यांची नोटीस द्यायची. प्रोबेशनमध्येच बदललंत तर नवी कंपनी जुनीला भरपाई देते, त्यामुळे नव्या कंपन्या तेव्हा जरा नाखूश असतात. म्हणजे पहिली ऑफर स्वप्नातली नसली तरी चालेल, कागदावर स्वच्छ हवी.

निघायची तारीख

भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जागा लवकर भरतात. आपल्याकडे राज्य मंडळाचं वर्ष जूनचं, त्यामुळे मधली मुलं अडकतात. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजीत मागून घ्या आणि तोही साक्षांकित करा. दुसरं गणित आयकराचं. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षातले भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी असतील तर त्या वर्षी तुम्ही अनिवासी ठरता. म्हणजे साधारण सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आत निघालात तर कतारचा पगार भारतातल्या करात येत नाही. ऑक्टोबरची जॉइनिंग पंधरा दिवस अलीकडे येत असेल तर कंपनीला विचारून बघायला हरकत नाही.

भांडीकुंडी मात्र ओढत आणू नका. मोठी पातेली, मसाले, सुकामेवा सगळं सूक वाकिफमध्ये मिळतं, आणि मेट्रोच्या गोल्ड लाइनवर बाजाराच्या नावाचंच स्टेशन आहे. त्या वजनात साक्षांकित कागदांची फाइल बसवा, आणि ती चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत.