गाडी तिले वळखनार नाई

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला मामेभावाकडे गेलो होतो. गाडी त्याच्या अंगणात लावली आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बोर धरण बघून आलो. परतल्यावर खिसे चाचपले, तर किल्ली नाही. दुसरी किल्ली पुण्यात, कपाटाच्या चोरकप्प्यात. अंगणात पाचसहा जण जमले. एक पोरगा म्हणाला, "दुसरी चाबी बनवून टाका ना, काका." त्यावर गावातले मोटरपंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "चाबी त बनून जाइन. पन गाडी तिले वळखनार नाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. किल्लीनं कुलूप उघडायचं, एवढाच आजवरचा व्यवहार होता. त्यात ओळखपाळख कधीपासून आली?

आधी शब्दांचं बघू. मी किल्ली म्हणत होतो, अंगणातले सगळे चाबी म्हणत होते. किल्ली आपल्या घरची. संस्कृतात कील म्हणजे खुंटी. खीळ आणि खिळा हीही त्याच गोतावळ्यातली. चावी मात्र पोर्तुगिजांबरोबर गलबतातून आली. आजचे पोर्तुगीज हा शब्द 'शाव' असा काहीसा उच्चारतात, पण सोळाव्या शतकात त्याच्या सुरुवातीला 'च' होता. त्यांच्या तोंडातून तो गेला, आपल्याकडे राहिला. कोकण-देशावर त्याची चावी झाली, हिंदीत चाबी. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे इथे हिंदीतली चाबी रुळली यात नवल नाही. कुलूपही बाहेरूनच आलं. अरबी 'कुफ्ल'ची अक्षरं उलटसुलट करून आपण कुलूप केलं. त्याच 'कुफ्ल'पासून झाकणबंद साच्यातली कुल्फीही आली. उन्हाळ्यात हे आठवलं की बरं वाटतं.

किल्लीला खुंटीचं नाव मिळालं ते अगदी चपखल. प्राचीन इजिप्तमधलं कुलूप लाकडी असे. अडसरात वरून खुंट्या पडत आणि तो अडकून बसे. किल्ली म्हणजे दात असलेली लाकडी पट्टी. ती आत घालून वर उचलली की खुंट्या वर जात आणि अडसर सरके. अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ ची पेटंटं घेतली ती याच खुंट्या पितळेत, इवल्याशा करून. मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा किल्ली म्हणजे धातूत कापलेला आकार, हे पक्कं ठरलेलं होतं. आकार जुळला की दार उघडलं. किल्ली कोणाच्या हातात आहे, हे कुलूप विचारत नसे.

मोटारीला तर सुरुवातीला किल्लीची फारशी गरजच नव्हती. पुढे हँडल घालून फिरवायचं, इंजिन धडधडलं की पळत आत बसायचं. कॅडिलॅकनं १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आणला. त्यानंतरही बरीच वर्षं किल्लीनं फक्त वीज चालू व्हायची आणि इंजिनासाठी वेगळं बटण दाबावं लागायचं. ही दोन्ही कामं एकाच किल्लीच्या फिरकीत क्रायस्लरनं १९४९ मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पुढे पुढे किल्लीच ठेवली नव्हती, नुसती दांडी. लढाईत किल्ली शोधत बसायला वेळ कोणाला?

आपल्याकडे गाडीच्या किल्लीचा सर्वांत गाजलेला दिवस १४ डिसेंबर १९८३. त्या दिवशी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. ती किल्लीही साधा धातूचा तुकडाच. रस्त्यावर बसलेल्या कोणत्याही चाबीवाल्यानं थोड्याच वेळात तिची जुळी करून दिली असती.

या चाबीवाल्याची कुळकथा किल्लीइतकीच मोठी आहे. विदर्भ-मराठवाड्यात या धंद्यात शिकलगार शीख बरेच दिसतात. शिकल हाही मूळ अरबी शब्द. तलवारीला पाणी चढवणं, घासूनपुसून धार आणि लकाकी देणं. गुरूंच्या फौजांसाठी हत्यारं घडवणारे हे लोक. इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्यारांचा धंदा आटला. मग तीच भट्टी, तीच कानस घेऊन कोणी विळे-सुऱ्या करू लागलं, कोणी बादल्या, कोणी चाब्या. कुलूप उघडता येतं एवढ्यावरून पोलिसांनी त्यांच्याकडे संशयानं बघणं हे मात्र अन्यायाचं आहे, आणि ते अजून संपलेलं नाही.

या माणसाला मूळ किल्लीही लागत नाही. कोरी चाबी कुलपात घालायची, जोर देऊन हलकेच पिळायची, बाहेर काढून उजेडात धरायची. आतल्या खुंट्या जिथे अडल्या तिथे बारीक ठिपके उमटलेले असतात. तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ठिपका उमटायचा थांबला की तिथली खोली बरोबर. कुलपाचं पोट न उघडता, केवळ त्यानं केलेल्या ओरखड्यांवरून त्याचं मन वाचायचं. मला हे कुठल्याही संगणकाइतकं थोर वाटतं.

पण जे कारागिराला जमतं ते चोरालाही जमतं. जनरल मोटर्सनं १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला अडवणारा एक छोटा रेझिस्टर बसवला. प्रकार एकूण पंधरा. आकार बरोबर पण रेझिस्टर चुकीचा, तर गाडी काही मिनिटं रुसून बसे. मीटर लावून मोजणाऱ्याला पंधरा म्हणजे फार नव्हते. खरी उडी नव्वदीत पडली. बर्लिनची भिंत कोसळल्यावर जर्मनीतून पूर्वेकडे चोरीच्या गाड्यांचा ओघ लागला, विमा कंपन्या हवालदिल झाल्या. शेवटी युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी किल्लीला इंजिन सुरू करू न देणारी सोय, सक्तीचा झाला. पुढे तो आपल्याकडच्या गाड्यांतही आला.

त्यातली युक्ती अशी. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते, काचेच्या बारीक नळीत किंवा काळ्या तुकड्यात. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली जिथे खुपसतो त्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून निघालेल्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. अमेरिकेतल्या चार्ल्स वॉल्टन यांनी १९७३ मध्ये दाराच्या कुलपासाठी असंच बिनबॅटरीचं कार्ड पेटंट केलं होतं. गाडीचा संगणक ती ओळख आपल्या यादीशी ताडून बघतो. नाव यादीत नसेल तर इंजिन क्षणभर खोकतं आणि गप्प होतं.

म्हणजे किल्ली 'प्रोग्राम' करताना खरं तर किल्लीला फारसं काही शिकवावं लागत नाही. रेशनकार्डावर नाव चढवावं तसं गाडीच्या यादीत तिचं नाव चढवावं लागतं. घरातली एखादी जुनी किल्ली हजर असेल तर काम सोपं. सगळ्याच हरवल्या तर साक्ष द्यायला कोणी नाही. मग गुप्त क्रमांक, कागदपत्रं, आणि खर्च. दुसरी वाट बहुरूप्याची, क्लोनची. नव्या चिपला जुनीचं सोंग द्यायचं, गाडीला फरक कळत नाही. म्हणून पुढे चिप आणि गाडी यांच्यात सांकेतिक सवालजवाब आले. तेही अभेद्य नव्हते. ४० बिटांचा असा एक संकेत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २००५ मध्ये फोडून दाखवला.

दुसऱ्या दिवशी शहरातून एक तरुण आला. पोलिसांतली नोंद, आरसी बुक, माझं ओळखपत्र, सगळं आधी बघितलं, ते मला आवडलं. कानस त्याच्याही पिशवीत होती, पण बाहेर आली नाही. किल्ली यंत्रानं कापली. मग स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर जोडून तो पडद्याकडे बघत बसला. पोरं काचेला नाक लावून उभी.

"जुनीचं नाव काढून टाकू ना?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं सांगितलं की कपाटातली दुसरीही यादीतून जाईल, ती नंतर पुन्हा चढवावी लागेल. आणि ती जपा, चोरीचा दावा केला तर विमा कंपनी दोन्ही मागते.

गाडी सुरू झाली. ट्रॅक्टरवाले काका तेवढ्यात येऊन उभे राहिले होते. मी विचारलं, धरणावरची ती कोणाला सापडली तर? "दार उघडन," ते म्हणाले, "पन सुरू नाई होनार."