मालावर बसलेली माणसं

मालाच्या गाडीवर बसून कामाला जायची रीत खानदेशात जुनी. बैलगाडीत कापूस भरला की वरती मजूर बसायचा. बैलाच्या चालीला खाली पडलंच कोणी, तर गुडघा फुटायचा. 1900च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आमच्या नरडाण्यावरून गेली, पुढे आग्रा रोडवर ट्रक आले, रस्ता चौपदरी झाला. वेग किती वाढला! मजुराची जागा मात्र तीच राहिली, मालावर.

मी एसटीत कंडक्टर होतो, धुळे-शिरपूर मार्गावर. रात्री पुढच्या ट्रकवर आमच्या दिव्यांचा उजेड पडला की ताडपत्रीचा दोर धरून बसलेल्या बाया दिसायच्या. मांडीत पोर, फडक्यात गुंडाळलेला विळा. एकीला फाट्यावर म्हटलं, बाई, एसटीनं जा. ती म्हणाली, "मास्तर, शेठनी गाडी से, भाडं लागत नही." दिवसाच्या मजुरीतून भाडं काढायचं म्हणजे घरचं पीठ कमी करायचं. तिचा हिशेब चूक नव्हता.

15 फेब्रुवारी 2021च्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. धुळ्याकडून रावेरला निघालेला. वर बसलेले पंधरा मजूर गेले, बरेचसे आभोडा, केऱ्हाळा, रावेरचे.

आता कायद्याचं बघा. 2016पासून एसटीच्या तिकिटात एक रुपया अपघात निधीचा असतो; प्रवासी दगावला तर वारसांना दहा लाखांपर्यंत मदत. मालट्रकमध्ये मालाचा मालक सोबत असेल तर 1994च्या दुरुस्तीनं त्यालाही विम्याचं संरक्षण आहे. पण फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात 2002 साली ठरवलं. मजूर त्याच गाडीवर कामाला होता हे सिद्ध झालं तर वाट निघते. पण मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, नेमणूक नसते. म्हणजे पपईच्या मालकाला जे मिळतं, ते पपई तोडणाऱ्या बाईच्या पोरांना कोर्टात झगडून मिळवावं लागतं. याचा मला संताप येतो.

जे गाडीवर चढतही नाहीत, त्यांचीही सुटका नाही. 4 जुलै 2023ला आमच्या आग्रा रोडवरच पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. दहा माणसं मेली. त्यांत एसटीची वाट बघणारेही होते.

व्यापारी पपईचा भाव काढताना तोडणी, भराई, वाहतूक सगळं धरतो. त्यातच मजुराचं जाण्यायेण्याचं एसटीभाडं धरायला काय हरकत आहे?