भ्रम आणि भ्रमण

संस्कृतांतील ‘भ्रम्’ या धातूचा मूळ अर्थ फिरणें, गरगरणें असा आहे. मराठी घरांत या धातूचीं लेकरें पावलोपावलीं भेटतात. जाळीतून सुटून जमिनीवर गुणगुणत फिरणारा भोंवरा, नदीच्या डोहांतील भोंवरा आणि डोक्यावरील केसांचा भोंवरा हे तिन्ही एकाच घराण्यांतले. कमळावर घिरट्या घालणारा भ्रमर हा त्यांचा भाऊबंद, तर भोंवळ ही बहीण. ‘केलेलें कर्म भोंवतें’ असें म्हणतांनाहि फिरून अंगावर येण्याचाच भाव असतो.

या कुटुंबांत ‘भ्रम’ हा शब्द तेवढा वेगळ्या वाटेनें गेलेला दिसतो. मराठींत त्याचा रूढ अर्थ चुकीचा समज. फिरण्याचा आणि चुकण्याचा संबंध काय? त्याचें उत्तर भोंवळींत सांपडतें. गिरक्या घेऊन थांबलेल्या मुलाला घराच्या भिंती फिरतांना दिसतात. जें स्थिर आहे तें फिरतांना दिसणें, हाच मनुष्याला बालपणीं होणारा भ्रम.

आकाशाविषयीं हाच प्रश्न आर्यभटापुढें उभा राहिला. इ. स. ४९९ मध्यें तो २३ वर्षांचा होता, हें त्याच्याच ‘आर्यभटीय’ ग्रंथावरून कळतें. त्या ग्रंथाच्या गोलपादांत त्यानें नावेचा दृष्टांत दिला आहे. पुढें जाणाऱ्या नावेंतील मनुष्यास तीरावरील अचल वस्तू मागें जातांना दिसतात. त्याचप्रमाणें अचल तारे पश्चिमेकडे जातांना दिसतात. म्हणजे भ्रमण पृथ्वीचें, आणि तारे फिरतात हा पाहणाऱ्याचा भ्रम.

सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘पंचसिद्धांतिकें’त हें मत नाकारलें. पृथ्वी भ्रमावर बसविल्यासारखी फिरत असती, तर आकाशांत उडालेले ससाणे आपल्या घरट्यांत परतले नसते, असा त्याचा युक्तिवाद होता. येथें ‘भ्रम’ म्हणजे कातारी ज्यावर लाकूड फिरवून घडवितो तें यंत्र. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त विचारलें कीं, पृथ्वी फिरते तर उंच वस्तू कोसळत कां नाहींत? हे आक्षेप पोरकट नव्हते. पृथ्वीवरील हवा, पक्षी आणि मंदिरांचीं शिखरें हीं सर्व पृथ्वीच्याच गतींत सहभागी असतात, हें तत्त्व तेव्हां स्पष्ट झालेलें नव्हतें. वास्तविक त्याचें बीज नावेच्या दृष्टांतांतच होतें. संथ चालणाऱ्या नावेंत वर उडविलेलें फळ नावेंतच पडतें.

पुढें १८५१ मध्यें पॅरिस येथें फुको यानें उंचावरून टांगलेल्या लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळतांना लोकांस दाखविली. ताऱ्यांकडे न पाहतां पृथ्वीचें फिरणें त्यांना घराच्या छताखालीं दिसलें.

आज मराठी भूगोलांत पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्यास परिवलन आणि सूर्याभोंवतीं फिरण्यास परिभ्रमण म्हणतात. तरीहि सूर्य उगवतो आणि मावळतो, ही बोली सुटलेली नाहीं. सुटण्याची गरजहि नाहीं. मात्र ‘भ्रम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी ठेवले असतां एक सावधगिरी शिकावयास मिळते: जग फिरतांना दिसलें, म्हणजे आपण स्वतः फिरत नाहीं ना, हें आधीं पाहावें.