च्यवनप्राशाची कुळकथा

च्यवन ऋषी म्हातारपणी पुन्हा तरुण झाले ते च्यवनप्राश खाऊन, असं आपण धरून चालतो. महाभारताच्या वनपर्वात मात्र अशा अवलेहाचा, म्हणजे चाटणाचा, पत्ताच नाही. राजा शर्यातीच्या मुलीने, सुकन्येने, वारुळात चमकणारे च्यवनांचे डोळे काट्याने टोचले आणि त्यापायी तिला त्याच जख्ख ऋषीच्या गळ्यात माळ घालावी लागली. पुढे देवांचे वैद्य असलेल्या अश्विनीकुमारांनी च्यवनांना तळ्यात बुडी मारायला लावली, स्वतःही मारली, आणि तिघेही एकसारखे देखणे तरुण होऊन वर आले. नवरा ओळखायचं काम सुकन्येवर!

पाककृती येते चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात. आवळे मोजून पाचशे. दशमुळं, गुळवेल, हिरडा वगैरेंसोबत ते पाण्यात शिजवायचे, बिया काढून गर तुपात आणि तिळाच्या तेलात परतायचा, मग काढा आणि साखर घालून चाटणाइतका दाट होईस्तोवर आटवायचा. मध घालायचा तो गार झाल्यावरच. वंशलोचन, पिंपळी, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर यांचीही वजनं ठरलेली. पाककृतीतल्या जीवक, मेदा अशा काही वनस्पती पुढे दुर्मीळ झाल्या, तेव्हा भावप्रकाश या ग्रंथाने विदारीकंद, शतावरी असे पर्याय सुचवले. मात्रा किती? जेवणाच्या आड येणार नाही इतकी.

खोकला, दमा, म्हाताऱ्यांची आणि मुलांची अशक्तता यांसाठी चरक हा लेह सरळ सांगतात. म्हातारपण झडून नवं रूप येण्याचं आश्वासन देताना मात्र ते कुटीप्रवेशाची अट घालतात. कुटी म्हणजे एकात एक तीन दालनांची, बारीक झरोक्यांची बंद खोली. आधी पोट साफ करून घ्यायचं, मग वारा-ऊन टाळून आत राहायचं. ही अट आपण सोयीस्करपणे विसरलो.

1938 मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी पंचाहत्तरी उलटल्यावर अशा कुटीत राहून कायाकल्प करून घेतला. देशभर गाजावाजा झाला, पण प्रकृती काही त्यांना साथ देईना. 1946 मध्ये ते गेले. पुढे तीनच वर्षांत, 1949 मध्ये, डाबरने च्यवनप्राश डब्यात भरून बाजारात आणला. थंडीत रोज चमचाभर, दुधाबरोबर, तेही घरातल्या पोरांना! तारुण्य परत मिळवायचं औषध ज्यांचं तारुण्य अजून यायचंय त्यांना का, हे काही आईला कोणी विचारत नाही.